मोर म्हणून विकला, नाग म्हणून परत आणला

लाटणं हातात धरून माणसाला काहीही पटवता येतं, हा शोध मला वयाच्या चोविसाव्या वर्षी लागला. पुढची सहा-सात वर्षं मी तो शोध मेहकरपासून मोताळ्यापर्यंत विकत फिरलो. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. त्या खुशीतून जे निपजलं ते सांगायला बसलोय. तोंड माझं आधीपासून मोकळं आहे. आज मात्र ते जरा खाली घालून सांगावं लागणार.

मी खरादी. खरादीवर लाकूड गरगर फिरवायचं, पटाशीनं त्याला गोल घडवायचं आणि वर लाखेचा रंग चढवायचा, हा आमचा घरचा धंदा. खाटेचे खूर, पोळपाट, लाटणी, भोवरे, पांगुळगाडे, पाळण्याचे दांडे आणि पाळण्यावर टांगायचं चिमणाळं, सगळं आमच्याकडे. माझ्या बाबांच्या काळात खराद दोरीनं ओढत. महाराष्ट्र झाला त्याच सुमारास आमच्या आळीत वीज आली आणि मी मोटार बसवली. बाबांनी तिला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे ओढून ओढून थकत नाही, पन थांब म्हनलं त थांबतही नाही. तुह्यासारखीच हाय."

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही रंग कुंचल्यानं लावतो. नाही. पळसाच्या नाही तर बोरीच्या झाडावर लाख धरते. ती वितळवायची, कोळशाच्या धगीवर रंगाबरोबर मळायची आणि तिच्या कांड्या ओढायच्या, मुलांच्या खडूसारख्या. लाकूड फिरत असताना कांडी टेकवली की घासून घासून लाख तापते, विरघळते आणि लाकडाला धरते. मग शिंदीच्या पानाला तिळाच्या तेलाचा थेंब लावून ते पान वर दाबायचं. रंग पसरतो आणि असा चमकतो की खाटेच्या खुरात तोंड पाहून भांग पाडावा.

हा झाला साधा रंग. माझं नाव झालं ते अबरीमुळे. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यावर ढगासारखा, लाटांसारखा रंगीबेरंगी कागद असतो, तो अबरी. तेच काम लाकडावर करायचं. पांढऱ्या थरावर निळी कांडी दाबायची नाही, नुसती उड्या मारत न्यायची. ठिपके पडतात. त्यावर हिरवी, त्यावर पिवळी. मग खराद हळू करून शिंदीचं पान तिरकं फिरवायचं. ठिपके वितळतात, एकमेकांत शिरतात, वळणं घेतात. दोन खूर कधी सारखे होत नाहीत. मला कोणी विचारलं, हे वळण मुद्दाम आणलं का, तर मी गूढ हसत असे. खरं उत्तर होतं, नाही. पान फिरवायचं आपल्या हातात असतं. रंग जातो त्याला वाटेल तिकडे.

आता गंमत अशी की वळणाकडे टक लावून पाहणाऱ्याला त्यात काही ना काही दिसतंच. आणि जे दिसतं ते आधी मी सांगायचं, मग त्याला तेच दिसतं. हा माझा शोध.

एक म्हातारी लाटणं घेऊन उजेडात गेली. मी म्हटलं, "आजी, पाह्यता का, मानसाचं तोंड हाय त्यात." म्हातारीनं निरखून पाहिलं आणि हरखली. "बाप्पा! हे त माह्या मालकाचं नाक! तीस वर्सं मले नाचवलं त्यानं. आता मी त्याले रोज पोयीवर लाटतो!" लाटणं गेलं आणि शेजारणींसाठी आणखी तीन गेली.

मोताळ्याच्या बाजाराला मी वर्षातून दोनदा माल घेऊन जाई. तिथं एका कास्तकारानं खाटेचे चार खूर घेतले. चौथ्याकडे बोट दाखवून मी सवयीनं म्हणालो, "हा पाह्य, मारुती हाय यात." पुढच्या खेपेला तो पुन्हा हजर, तोंड पडलेलं.

"काय झालं भाऊ? खूर फाटला का?"

"खूर नाही फाटला. मारुती खराच निघाला न."

"मंग चांगलंच झालं."

"काय चांगलं झालं? देवावर निजाचं कसं? बुढीनं खाट देव्हाऱ्याजवळ नेऊन ठेवली. आता मारुती खाटेवर न आमी भुईवर." मग खाली वाकून हळूच म्हणाला, "दुसरे चार खूर द्या. पन नीट पाहून द्या बरं. कोनी नाही पायजे त्यात."

मी चारही खूर सूर्याकडे धरले, फिरवले, एक डोळा मिटला आणि दाखला दिला, "रिकामे हायत." तो समाधानानं गेला. मी घरी येऊन ही गोष्ट बाबांना नकलेसकट सांगितली. बाबा हसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यानं त्यांना दिसत नसे, पण दुकानात रोज बसत आणि कांड्या हातानं चाचपून ओळखत. हसून झाल्यावर म्हणाले, "वीक लेका, पन जास्त नको दाखवू लोकाइले. लोक पाह्यले लागले का मंग थांबत नाहीत."

इथपर्यंत ऐकणारे पोट धरून हसतात. मी बहुतेक वेळा इथंच थांबतो. पुढचं आजपर्यंत चारचौघांत सांगितलेलं नाही.

मेहकरजवळच्या एका खेड्यातले नामदेवभाऊ दुकानात आले. थोडी जमीन, एक मुलगी कमल, तिच्या पाठचा एक मुलगा. कमल उंद्रीला दिलेली. सासरची माणसं बागायती, वांगी-मिरचीचा मोठा मळा, आणि लग्नात नामदेवभाऊंचा आहेर सासूच्या, सरूबाईच्या, डोळ्यांत भरला नव्हता. ते तिनं कधी मुलीला विसरू दिलं नाही. आता कमलला मुलगा झाला होता. आमच्याकडे रीत अशी की पहिल्या लेकराचा पाळणा मामाच्या घरून जातो. पाळणा, चिमणाळं, खुळखुळा, सगळं आजोळचं. सासरचं गाव तो पाळणा पाहायला येतं, आणि माहेर कसं आहे ते पाळण्यावरून ठरवतं.

"दामूभाऊ," नामदेवभाऊ म्हणाले, "असा पाळना करा का उंद्रीनं पाह्यत राह्यलं पायजे. माह्या पोरीची मान वर झाली पायजे. बाकी मले काही नाही समजत."

असं सांगणारं गिऱ्हाईक भेटलं की माझ्या अंगात येतं. सागवानाचा पाळणा केला. दांड्यांवर अबरी, चिमणाळ्यावर अबरी. शेवटी हळदूच्या लाकडाचा खुळखुळा घेतला. हा सगळ्यांत छोटा, पण लेकराच्या हातात सारखा दिसणारा. त्यावर निळा चढवला, हिरवा चढवला, पिवळा चढवला, आणि पिवळा मेला. हळदीचा पिवळा निळ्याजवळ गेला की मळकट पडतो, ताकात पडलेल्या माशीसारखा दिसतो.

आता आमच्या घरचा एक नियम सांगतो. पिवळ्या कांड्या दोन. एक हळदीची, एक हरताळाची. हरताळ म्हणजे खनिज, रंग असा की सोन्यानं लाजावं, उन्हात वर्षानुवर्षं उडत नाही, पण विष. बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "जे तोंडात जाईन त्याले हळद, जे बुडाखाली जाईन त्याले हरताळ." चूक होऊ नये म्हणून हरताळाच्या कांडीला ते खाच पाडत.

मी चुकून घेतली असं लिहिता आलं असतं. तसं नाही. खाच माझ्या अंगठ्याला लागली. मी हळदीचा रंग तासून काढला, पुन्हा पांढरा थर दिला, निळा-हिरवा दिला आणि हरताळ फिरवला. मनाला सांगितलं, वरून कोऱ्या लाखेचा एक थर देऊ, आत काय जातंय. पान तिरकं फिरवलं, आणि काय सांगू, तसं वळण माझ्या हातून पुन्हा उतरलं नाही. निळ्या-हिरव्यातून पिवळा असा उमलत वर गेला की माझाच श्वास थांबला.

नामदेवभाऊ न्यायला आले तेव्हा मी खुळखुळा पदराआडून पाखरू काढावं तसा काढला. "पाह्य भाऊ. मोर. पिसारा फुलवलेला मोर."

त्यांनी पाहिलं. डोळे भरले. "हाव हो. मोरच हाय."

पाळणा उंद्रीला गेला. गाव पाहायला आलं. कमलची मान वर झाली, असा निरोपही आला. मी चार दिवस छाती फुगवून फिरलो.

चारेक महिन्यांनी बाबा दुकानात कांड्या चाचपत होते. एका कांडीवर त्यांचं बोट थांबलं.

"हरताळ इतका कमी काऊन झाला बे? खाटा त केल्या नाहीत आपन."

मी गप्प. मी गप्प म्हणजे काय, हे बाबांना डोळ्यांशिवायही कळत होतं.

"कशाले लावला?"

"खुळखुळ्याले."

त्यांनी कांडी खाली ठेवली. "किती महिन्याचं लेकरू?"

"सहाचं असन."

"दात येऊन राह्यले असतीन. दात येताना लेकरू लाखसुद्दा खरवडून खाते. जाय. जेवू नको, जाय. आन तो परत."

उंद्रीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली, पण मी उभाच होतो. वाटेत ठरवलं, सरळ सांगायचं. चूक झाली, द्या इकडं, दवाखान्यात दाखवा. तीन वाक्यं. गावात उतरेपर्यंत ती मला पाठ होती.

घराच्या ओसरीत मिरच्या निवडायला दहा-बारा बायका बसल्या होत्या. मधे सरूबाई. सासरा आबाजी खांबाला टेकून. कमलचा नवरा मळ्यात गेलेला. आणि पाळण्यात लेकरू, तोंडात खुळखुळा. मी जवळ गेलो. एका पिवळ्या जागी हिरड्यांनी घासून लाख निघाली होती. खालचं लाकूड दिसत होतं.

"तीन रोज झाले, पोट वाहून राह्यलं त्याचं," सरूबाई म्हणाली. "दातामुळे असन. तुमी कोन?"

"मी मेहकरचा खरादी. पाळना माह्याच हातचा."

"अगं बया! हाच का तो मोरवाला!" बायका हसल्या. सगळ्यांनी हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या, आता हा काय दाखवतो म्हणून.

तीन वाक्यं होती, पाठ होती. पण समोर बारा बायका पाहत असताना "मी तुमच्या नातवाच्या तोंडात विष दिलं" हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी खुळखुळा लेकराच्या हातातून काढला. ते रडू लागलं. मी खुळखुळा उजेडाकडे धरला, हळूहळू फिरवला, आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मला आयुष्यभर ऐकू येतंय.

"अरे देवा! हा त नाग हाय."

मी बोट फिरवून दाखवलं: हा फडा, ही वेटोळी, हे वासलेलं तोंड, आणि तोंड नेमकं लेकराकडे. एकीला दिसला. मग दुसरीला. मग सगळ्यांना. एक म्हणाली, "त्याची जीभही दिसून राह्यली!" जीभ मीसुद्धा दाखवली नव्हती.

सरूबाईनं कपाळावर हात मारला. "माहेरातून नाग धाडला! लेकराच्या तोंडात नाग देल्ला! तरीच म्हनतो पोट काऊन वायते!"

आतल्या दारात कमल उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. ती हळू आवाजात म्हणाली, पण ओसरीभर ऐकू गेलं.

"तुमीच त माह्या बाबाले मोर म्हनून देल्ला होता ना?"

इथं तरी थांबायला हवं होतं. दार उघडं होतं. ती मुलगी ते दार धरूनच उभी होती. पण मी रंगात आलो होतो. मी मान हलवली, सुस्कारा सोडला आणि म्हणालो, "बाई, मोराच्या पायाखाली नाग राह्यतेच. तवा मले मोर दिसला. आता मोर उडाला."

काय वाक्य! बायकांच्या तोंडून "हाव बाप्पा, हाव बाप्पा" निघालं. मी खुळखुळा फडक्यात गुंडाळला, सरूबाईनं दिलेला चहा प्यालो, खुळखुळा पैनगंगेत सोडतो म्हणालो, लेकराला मेहकरच्या दवाखान्यात नक्की दाखवा असंही बजावलं. डॉक्टरला काय सांगायचं ते मात्र बोललो नाही.

लेकरू चार-सहा दिवसांत बरं झालं. ते खुळखुळ्यामुळे आजारी होतं की खरंच दातांमुळे, हे मला आजही ठाम सांगता येत नाही. पण उंद्रीत कोणाला शंका उरली नाही. नाग गेला, लेकरू उठून बसलं, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा.

त्या दिवशी घरी येऊन मी सगळा प्रसंग बाबांना करून दाखवला. बायकांचे आवाज, सरूबाईचं कपाळ, माझं ते मोर उडाल्याचं वाक्य. वाटलं, हसतील.

बाबा म्हणाले, "न त्या पोरीचं काय?"

"कोन्या पोरीचं?"

त्यांनी हात पुढं केला. "खुळखुळा दे." मी दिला. त्यांनी तो आपल्या गाठोड्यात टाकला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. भर दुपारी.

पोरीचं काय झालं ते हप्त्या-दोन हप्त्यांत बाजारातून कळत गेलं. पाळणा घरातून काढून गोठ्यात टांगला. माहेरचं काहीही घरात घ्यायचं नाही असं ठरलं. नामदेवभाऊ नातवाला भेटायला गेले तर त्यांना ओसरीवर पाणी दिलं आणि लेकरू आत ठेवलं. कमलला माहेरी पाठवणं बंद.

आणि माझं? माझं काय विचारता! माझ्याकडे रांग लागली. लोक घरातल्या जुन्या खाटांचे खूर घेऊन येऊ लागले, "यात काही वाईट त नाही ना?" नवा माल घेताना माझ्या तोंडून "रिकामा हाय" ऐकल्याशिवाय हलत नसत. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत बरकतीची दोन वर्षं ती.

त्यातच एकदा नामदेवभाऊ दुकानात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दामूभाऊ, तुमी मोर म्हनले होते. एकडाव उंद्रीले येऊन तेवढं सांगा. मले बाकी काही नाही पायजे."

"येतो न भाऊ. या हप्त्यात येतो."

तो हप्ता दोन वर्षं चालला. ते बाजारात समोरून आले की मी दुकानात टांगलेल्या पाळण्यांमागे सरकत असे. धडधाकट माणूस पाळण्यामागे लपत नाही, त्याचे पाय दिसतात. त्यांना दिसत असणार. ते कधी काही बोलले नाहीत. मी स्वतःला समजावत होतो: खरं सांगितलं तर लेकरांच्या वस्तू माझ्याकडून कोण घेणार? आणि आता इतके दिवस झाले, सगळं निवलं असेल.

मग एका दुपारी ते हळद-कुंकू लावलेली पत्रिका घेऊन आले. मुलाचं लग्न होतं. मला पत्रिका! मी ती दोन्ही हातांनी घेतली तरी ती मला धरवेना.

"या लग्नाले," ते म्हणाले. "करवली नाही येनार आमची. तिले नाही पाठवत ते. पन तुमी या."

भावाच्या लग्नात बहीण करवली नाही, तर नवरदेवामागे कोण उभं राहणार? ते गेल्यावर मी पत्रिका हातात धरून बसलो. मागून बाबांचा आवाज आला.

"माह्या गाठोड्यात हात घाल."

खुळखुळा तिथंच होता. दोन वर्षं ते तो उशाशी घेऊन झोपत होते.

"तुह्या नागाले घरी पोचवून ये," बाबा म्हणाले. "न त्याइनं नाही आयकलं त पिवळा खरवडून इंगळावर टाक. हळद असली त हळदीचा वास येईन. हरताळ असला त लसनाचा. वासाले खोटं बोलता येत नाही."

उंद्रीला ओसरी तीच, खांब तोच, आबाजी तिथंच टेकलेले. या वेळी मी बसण्याआधीच बोललो. नाग नव्हता. मी खोटं बोललो. पिवळ्या रंगात विष होतं, ते मीच जाणूनबुजून लावलं होतं. पोरीच्या माहेराचा काही दोष नाही.

सरूबाई कौतुकानं माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चांगले मानूस हा तुमी, दामूभाऊ. व्याह्यानं पाठवलं ना तुमाले? लग्न हाय म्हनून? सोताच्या अंगावर कोन घेते आजकाल!"

"सरूबाई, मी खरं बोलून राह्यलो."

"हाव, हाव. च्या घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी एकही हातवारा न करता बोललो होतो आणि कोणाला पटलं नाही. मी उठलो, चुलीतला एक निखारा चिमट्यानं अंगणात आणला, सगळ्यांना धूर जाणार नाही त्या बाजूला सरायला सांगितलं आणि पटाशीनं पिवळा खरवडून त्यावर टाकला.

आधी लाख जळाल्याचा धूर आला. मग आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "लसून कोन जाळून राह्यलं व?"

आबाजी खांबाचा टेका सोडून सरळ झाले. त्यांच्या पिढीनं हरताळ पाहिलेला होता. ते अंगणात आले, दुरून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे नाग आला होता आमच्या घरी. चपला घालून आला होता न च्या पिऊन गेल्ता."

मी मान खाली घातली.

सरूबाई उठली. मागच्या गोठ्यात गेली. थोड्या वेळानं धडधड आवाज आला. पाळण्यात वर्षभर कांदे साठवले होते, ते ती दोन्ही हातांनी जमिनीवर लोटत होती. माफी वगैरे ती कोणाची मागणारी नव्हती. पण पाळणा तिनं स्वतः धुतला.

कमल दारात उभी होती, त्याच जागी. लेकरू तिच्या पदराला धरून, आता चालणारं. ती माझ्यापाशी आली आणि माझ्या हातातला खरवडलेला खुळखुळा तिनं घेतला.

"मंग मोर?" तिनं विचारलं.

माझी जीभ वळवळली. होता, असं म्हणणं किती सोपं होतं! तिला बरं वाटलं असतं, मला बरं वाटलं असतं, गोष्टीला शेवट मिळाला असता. मी म्हणालो, "मोरही नव्हता बाई. नुसता रंग होता. मी त तुह्या बाबाले विकाले म्हनून सांगतलं."

तिनं खुळखुळा निखाऱ्याच्या उजेडात फिरवला. पिवळ्याच्या जागी आता ओरखडे होते.

"होता," ती म्हणाली. "दोन वर्सं मी रोज आठवला त्याले." मग खुळखुळा तिनं त्या निखाऱ्यावर ठेवून दिला आणि आत बांधाबांध करायला गेली.

लग्नाला मी गेलो. नवरदेवामागे कमल हातात दिवा घेऊन उभी होती, मान वर. तो भाग मी मन भरून पाहिला. पण नंतर मांडवात नामदेवभाऊंनी नातवाला उचलायला हात पुढे केले, आणि लेकरानं किंकाळी फोडली. त्याला हा माणूस ठाऊकच नव्हता. पुन्हा उचललं, पुन्हा रडलं. नामदेवभाऊ हसत लोकांना सांगत होते, "होईन ओळख, होईन." ती दोन वर्षं माझ्या दुकानातल्या पाळण्यांमागे गेली होती. ती कोणत्याही खरादीवर परत घडवता येत नाहीत.

मी आहेर म्हणून एक भोवरा नेला होता. अबरीचा, पिवळा हळदीचा, मळकट तर मळकट. तो मी नामदेवभाऊंच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं तो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "काय हाय हो यात?"

मी तोंड बंद ठेवलं. तेव्हापासून ठेवतोय. आजही कोणी खूर घेऊन येतं, "दामूभाऊ, पाह्य बरं, काही वाईट त नाही ना?" मी म्हणतो, रंग आहे, घ्यायचा तर घ्या. गिऱ्हाईक नाराज होतं, काही वेळा परत जातं. मला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक, ही शिक्षा केवढी आहे. अजूनही उंद्रीकडच्या गावांत मी नाग काढणारा खरादी म्हणून प्रसिद्ध आहे म्हणतात. त्यांच्यापैकी कोणी हा अंक वाचत असेल तर कृपा करून शेजाऱ्यांनाही वाचून दाखवा.

नामदेवभाऊंनी भोवऱ्याला दोरीची जाळी गुंडाळली आणि मांडवातल्या सारवलेल्या जमिनीवर झटकन सोडला. भोवरा उभा राहिला. फिरला की वळणं राहत नाहीत. सगळी अबरी विरून नुसती रंगांची गोल कडी दिसतात. लेकरू रडता रडता थांबलं. एक पाऊल पुढं आलं. मग आजोबांच्या गुडघ्याला हात टेकून वाकून पाहू लागलं.

"आई, यात मोर हाय?" घरी दोन दिवस त्यानं मोराशिवाय दुसरं काही ऐकलं नसावं. "मोर कुठी हाय?"

कमल मागं उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"थांबला का मंग दिसन," ती म्हणाली.